दोन वाजून चाळीस मिनिटे

लोणवाडी, ता. दारव्हा
शनिवार, १८ सप्टेंबर १९६५

प्रिय हंसा,

१. सोमवार, ६ सप्टेंबर. लढाईमुळे तुमच्या केंद्राने वेळापत्रक बदललं. दुपारची फर्माइशी गाणी बंद झाली.

२. मंगळवार, १४ सप्टेंबर. आमचे पोस्टमास्तर विठ्ठलराव यांच्या घरच्या रेडिओवर, तुमचं केंद्र लागतं त्याच जागी, एका बाईचा आवाज आला. ती परक्या भाषेत आकडे मोजत होती, असं त्यांचं म्हणणं आहे.

३. बुधवार, १५ सप्टेंबर. त्यांनी लेखी तक्रार दिली.

४. गुरुवार, १६ सप्टेंबर, सकाळी दहा. एक जमादार आणि दोन शिपाई आमच्या दुकानात आले. बिस्किटाच्या डब्यात बसवलेला एक ऑसिलेटर त्यांनी जप्त केला. दुकानाला सील लावलं.

५. त्याच दिवशी, सव्वाअकरा. अब्बांना नेलं. शत्रूला बातम्या पुरवण्याचा संशय.

आज तिसरा दिवस आहे. त्यांना कुठे ठेवलं आहे ते काल संध्याकाळी कळलं. दारव्ह्याला.

ऑसिलेटर काय असतो हे तुला सांगायला नको, पण हे पत्र आणखी कुणाला दाखवावं लागेल म्हणून लिहिते. बंद पडलेल्या रेडिओला बनावट लहर पुरवायची आणि ती कुठे अडते ते पाहून दोष शोधायचा. केंद्राचं प्रसारण चालू नसलं तरी रेडिओ तपासता यावा, एवढाच त्याचा उपयोग. दुरुस्तीच्या कुठल्याही चांगल्या दुकानात तो सापडेल. जमादाराला मी हे सांगायला लागले तेव्हा अब्बांनी मला मधेच थांबवलं. ते जमादाराला म्हणाले, "हे माह्यंच आहे साहेब. पोरीले काय समजते यातलं." माझं तंत्रनिकेतनाचं प्रमाणपत्र त्यांच्या डोक्यावरच भिंतीला टांगलेलं होतं. जमादाराने ते वाचलं नाही.

तू केंद्राच्या तांत्रिक विभागात आहेस. ऑसिलेटर हे दुरुस्तीचं उपकरण आहे एवढं तुमच्या केंद्राच्या कागदावर लिहून मिळेल का?

हे पत्र आमच्याच पोस्टात टाकते आहे. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

तुझी,
खैरुन

*

केंद्राची वसाहत
मंगळवार, २१ सप्टेंबर १९६५

प्रिय खैरुन,

तुझं पत्र वाचलं आणि पहिल्यांदा तुझा रागच आला. तंत्रनिकेतनात चार वर्षं एका खोलीत राहिलो, आणि तू मला असं लिहितेस जसं काही टेंडर मागवते आहेस. मग दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा कुठे कळलं. अय्यूबचाचांना नेलं! ज्या माणसाने लोणवाडीच्या आमच्या तांड्यावर पहिला रेडिओ लावून दिला, त्याला?

तुला आठवतं का, तू मला सांगितलं होतंस. छप्पन्न साली सरकारी पेटी आली तेव्हा चाचांनी ती शाळेच्या खिडकीत ठेवली, आणि माझा बा खेमसिंग तिच्या मागे जाऊन माणूस शोधत होता. तेव्हा केंद्रावर सगळं समोरासमोर व्हायचं. गाणारा येऊन माइकसमोर बसायचा. अठ्ठावन्न साली माझी फुई, बाची बहीण सोनीबाई, इथे येऊन गायली. घागऱ्याचे आरसे आणि पायातलं कडं वाजू नये म्हणून तिला घोंगडीवर बसवलं होतं. त्यानंतर टेपयंत्र आलं. गाणाऱ्यांना बोलावणं कमी झालं, त्यांच्या टेपा लागू लागल्या. नंतर टेपाही मागे पडल्या. सिनेमाची गाणी आली, कार्डं आली, कार्डांवरची नावं वाचणं आलं. आता केंद्र चालू असेतो दर तासाला बातम्या. नव्या टेपा मिळत नाहीत, म्हणून जुन्या गाण्यांच्या टेपा पुसून त्यांवर बातम्या आणि भाषणं घेतो. माझं सध्याचं काम तेच आहे. रोज आठ टेपा पुसते.

तुझ्या अम्मीचं कार्ड मी मुद्दाम १४ तारखेच्या यादीत घातलं होतं, आणि तुला तसं कळवलंही होतं. मग गाणीच बंद झाली. रहमतचाचींना माझ्यातर्फे म्हणावं, मला माफ करा. एवढ्या वर्षांनी नाव येणार होतं.

आता कामाचं. मी आमचे अभियंता रामलालजी यांना विचारलं. ते म्हणतात, नुसत्या ऑसिलेटरवर लिहून देता येणार नाही, नक्की काय ऐकू आलं ते कळवा. मला वाटतं उत्तर सोपं आहे. आमचं केंद्र बंद झालं की रात्री त्याच लहरीवर फार दूरचं एखादं केंद्र घुसतं. पोस्टमास्तरांनी तेच ऐकलं असेल. तसं रामलालजी लिहून देतील.

पण तू वेळ लिहिली नाहीस. बाकी सगळ्याची लिहिलीस. तू वेळ लिहायला कधी विसरत नाहीस. आणि आकडे कोणत्या भाषेत होते? कळव.

तुझी,
हंसा

*

लोणवाडी
शुक्रवार, २४ सप्टेंबर १९६५

प्रिय हंसा,

काल लढाई थांबली. केंद्राने सकाळपासून सात वेळा सांगितलं. मी दारव्ह्याला जाऊन विचारलं, आता तरी सोडणार का? तिथल्या माणसाने सांगितलं, लढाईचा आणि याचा संबंध नाही.

अब्बांना पाच मिनिटं भेटू दिलं. त्यांचा चष्मा काढून घेतला आहे. मी समोर उभी होते तरी बोलेपर्यंत त्यांनी मला ओळखलं नाही. ते एवढंच म्हणाले, "बॅटऱ्या उन्हात नाही ना ठेवल्या?" दुकानाला सील आहे हे मी त्यांना सांगितलं नाही. सील लागण्याआधी सहा जणांनी आपापले रेडिओ उघडेच उचलून नेले, हेही सांगितलं नाही. अब्बा त्या रेडिओंना पेशंट म्हणतात.

तू विचारलेलं लिहिते. तक्रारीची नक्कल मला वाचायला मिळाली. त्यातून उतरवून घेतलं आहे.

वेळ : दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटं.

शब्द : एक, दी, तीन, च्यार, पांच, छो, सात, आट, नव, दस. हे दोनदा. त्यानंतर थोडी खरखर, मग एक वाक्य, ते विठ्ठलरावांना नीट ऐकू आलं नाही. मग गाणं.

विठ्ठलराव जूनमध्ये रत्नागिरीकडून बदलून आले आहेत. इथल्या बोली त्यांना माहीत नाहीत. जमादार भंडाऱ्याकडचा आहे. त्याने 'सांकेतिक भाषा' असा शेरा लिहिला आहे.

आणखी एक. अम्मी म्हणते, १४ तारखेला केंद्राने तिचं नाव वाचलं. दोन चाळीसला. त्या वेळी आमच्या घरी गल्लीतल्या पाच बायका बसल्या होत्या, त्याही तेच सांगतात. अम्मीने जमादारालाही अभिमानाने सांगितलं आणि त्याने ते लिहून घेतलं. तुमच्या केंद्राच्या नोंदवहीत त्या वेळेसमोर काय लिहिलं आहे, ते त्यांना केव्हातरी पाहावंसं वाटेल.

सुनावणी गुरुवारी, ७ ऑक्टोबरला, यवतमाळला आहे. तिथे अब्बांना हजर करतील.

मला एवढंच लिहिता येतं. तू नीट वाच.

खैरुन

*

केंद्राची वसाहत
मंगळवार, २८ सप्टेंबर १९६५

खैरुन,

हे पत्र पोस्टात टाकत नाही. बा मामाच्या तेराव्याला इकडे आला होता, उद्या परत जातो. त्याच्या हाती देते आहे. त्याने ते वाचलेलं नाही, त्याला वाचता येत नाही. तो तुझ्या हातात देईल, दुसऱ्या कुणाच्या नाही.

मी नीट वाचलं.

दुपारी दोन चाळीसला दूरचं केंद्र घुसत नाही. ते पहिल्या वर्षात शिकवतात. नोंदवहीत त्या दिवशी दोन ते पाच 'प्रसारण बंद' असं लिहिलं आहे. ते माझ्याच अक्षरात आहे.

आणि आकडे. ते आकडे मी तुला शिकवले. सोनीबाईची ती पोरांना मोजायला शिकवायची टेप, केंद्रावर शिकायला आलो होतो तेव्हा माइक आणि यंत्र तपासायला आपण तीच लावायचो. टेप नसली की तू तोंडाने मोजायचीस. मुसलमानाची पोर आमच्या तांड्याच्या गोरबोलीत मोजते म्हणून सगळे हसायचे आणि तू चेहरा सरळ ठेवून 'छो' म्हणायचीस.

तू केलंस ना हे? काहून केलं, खैरुन?

आता माझं ऐक. मी तुझं पत्र रामलालजींना दाखवलं. दाखवायला नको होतं, पण पूर्ण वाचायच्या आधीच दाखवलं. त्यांनी आकडे मोठ्याने वाचले आणि माझ्याकडे पाहिलं. मला विचारलं, "तुमच्या लोकांची भाषा तर नाही ना ही?" मी म्हटलं, नाही. मला माहीत नाही ही भाषा.

असं म्हटलं मी. माझी आई, माझी याडी, जी भाषा बोलत मेली, ती मला माहीत नाही म्हटलं. माझी नोकरी अजून कायम झालेली नाही. शनिवारी साध्या कपड्यातले दोन लोक केंद्रावर येऊन गेले आणि कोण कुठल्या गावचं ते लिहून नेलं. माझ्या नावापुढे लोणवाडी लिहिलं आहे. मला जेवण जात नाही. टेपा पुसताना कुठपर्यंत पुसलं ते कळत नाही, मग पुन्हा पहिल्यापासून पुसते.

सोनीबाईची टेप अजून आहे. पुसायच्या यादीत तिचा नंबर ८ ऑक्टोबरला आहे.

मला काही विचारू नकोस. विचारायचंच असेल तर या पोस्टातून विचारू नकोस.

हंसा

*

लोणवाडी
गुरुवार, ३० सप्टेंबर १९६५

प्रिय हंसा,

खेमसिंगकाकांनी पत्र काल माझ्या हातात दिलं. हे पत्रही तेच नेऊन दारव्ह्याच्या पेटीत टाकणार आहेत. त्यामुळे आज पहिल्यांदा मी तुझ्या एकटीसाठी लिहिते आहे. याआधीची दोन्ही पत्रं मी विठ्ठलराव वाचतील असं धरून लिहिली होती. त्यांनी वाचलीही असतील. तुझं पाकीट त्यांनी स्वतः आणून दिलं तेव्हा डिंक ओला होता.

मी केलं. कसं, ते सांगते.

तुझं कार्डाबद्दलचं पत्र आलं त्या दिवशी अम्मीने गल्लीभर सांगितलं, चौदा तारखेला नाव येणार. ती सहा वर्षं कार्डं पाठवत होती. शेजारची खैरातबी तिला रोज डिवचायची, "रेडिओत नंतर, पह्यले राशनच्या यादीत तरी नाव येऊ दे." मग गाणी बंद झाली. अम्मीला मी सांगितलं, गाणी बंद आहेत. ती म्हणाली, "हंसानं लिहिलं हाये ना? मग येते." चौदाला पाच बायका येऊन बसल्या. चहा झाला. रेडिओ लावलेला होता आणि त्यातून काहीच येत नव्हतं. खैरातबी हसायला लागली.

मी दुकानात गेले. ऑसिलेटर माझा आहे, शेवटच्या वर्षी मी बनवलेला. डबाही मीच शोधला होता. तो तुमच्या केंद्राच्या लहरीवर आधीच बरोबर जुळवून ठेवलेला होता, कारण मला काम तसंच आवडतं. त्याला माइक जोडला. आवाज जातो की नाही पाहायला मोजलं, जसं नेहमी मोजते तसंच. दोनदा. मग तुमच्या निवेदिकेसारख्या आवाजात म्हटलं, "लोणवाडीहून रहमतबी." मग माइक ग्रामोफोनच्या कर्ण्यासमोर धरला. एक गाणं झालं आणि बंद केला. एकूण चार मिनिटं.

या डब्याचा आवाज किती लांब जातो ते मी पूर्वी चालून मोजलं होतं. पस्तीस पावलं. त्या पस्तीस पावलांत आमचंच घर येतं. विठ्ठलरावांचं घर सत्तर पावलांवर आहे. पण ऑगस्टमध्ये अब्बांनी आणि मी त्यांना एरियल बांधून दिलं होतं, आणि त्या तारेचं दुसरं टोक आमच्याच छपराच्या बांबूला आहे. ते मी विसरले. मोजायला चुकले नाही, विसरले.

विठ्ठलरावांना मी दुष्ट समजत होते. पाकीट देताना ते दारात थांबले आणि म्हणाले, "मुली, माझा मुलगा आघाडीवर आहे. बारा दिवस पत्र नाही. तुझे वडील तसे असतील असं मला वाटत नाही, पण मी ऐकलं ते ऐकलं." दर तासाला बातम्या सुरू झाल्यापासून ते रेडिओ बंदच करत नाहीत, केंद्र बंद असतानाही. एखादी बातमी चुकेल म्हणून. त्या दुपारी आख्ख्या गावात चालू असलेले दोनच रेडिओ होते. आमचा आणि त्यांचा.

खेमसिंगकाकांनाही पोलिसांनी विचारलं. ते मला काल हसत सांगत होते, पण हातातली काठी त्यांनी बोलून होईपर्यंत खाली ठेवली नाही. "मले म्हणे, तुमच्या तांड्यातली बाई रेडिओवर बोलते काय? म्या म्हटलं साहेब, आमच्या बाया बोलत नाही, गातेत. अन् त्याले बी सात वर्षं झाले." पोलिसांनी त्यांना आकडे वाचून दाखवले नव्हते. वाचले असते तर त्यांनी तिथेच पुढचे अकरा-बारा म्हणून दाखवले असते. तू रामलालजींना काय सांगितलंस ते मी त्यांना सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

अब्बांना पहिल्या क्षणापासून माहीत आहे. डबा पाहताच त्यांनी माझ्याकडे न पाहता सांगितलं, हे माझं आहे. मी गप्प राहिले. आज पंधरावा दिवस आहे. अब्बा मला तेव्हापासून एकदाच भेटले आणि त्यांनी बॅटऱ्यांबद्दल विचारलं.

७ तारखेला मी यवतमाळला जाऊन माझा जबाब देणार आहे. लिहून तयार आहे, दीड पान आहे. परवान्याशिवाय प्रक्षेपण हा गुन्हा आहे आणि तो मी कबूल करते. त्याची शिक्षा होईल. प्रमाणपत्र जाईल. ते मी धरलेलं आहे.

पण ते आकडे सांकेतिक भाषा नाहीत हे माझ्या एकटीच्या शब्दाने सिद्ध होत नाही. ते सिद्ध झालं नाही, तर माझ्या कबुलीचा अर्थ एवढाच होईल की बाप आणि मुलगी दोघंही शत्रूचे आहेत. मग अब्बा सुटणार नाहीत, मीही त्यांच्यासोबत आत जाईन, आणि अम्मी त्या घरात एकटी राहील, खैरातबीच्या शेजारी.

म्हणून मला दोन गोष्टी हव्या आहेत. सोनीबाईची टेप पुसू देऊ नकोस. आणि त्या टेपवरचे आकडे गोरबोलीतले आहेत, ती तुझी बोली आहे, आणि केंद्रावर यंत्र तपासायला आपण ते वापरत होतो, एवढं तुझ्या सहीने लिहून दे. त्यासाठी तुला रामलालजींना आधी सांगितलेलं खोटं होतं असं म्हणावं लागेल. तुझी नोकरी जाऊ शकते. मी ते कमी करून सांगत नाही.

तू नाही म्हणालीस तरी मी जाणार आहे. तू भित्री आहेस असं मी कुणापाशी म्हणणार नाही. मी पंधरा दिवस गप्प बसलेली आहे.

अम्मीला अजून वाटतं की केंद्रानेच नाव वाचलं. काल खैरातबी साखर मागायला आली होती, तिलाही अम्मीने पुन्हा ऐकवलं, कसं आधी काहीतरी मोजल्यासारखं आलं आणि मग स्वच्छ, मोठ्या शहरातल्या आवाजात, लोणवाडीहून रहमतबी. मी चुलीपाशी होते. अम्मी म्हणाली, "असा आवाज आपल्याकडं कोनाचा हाये?" तिला मी बुधवारी रात्री सांगेन. कोर्टात ऐकण्यापेक्षा ते बरं.

मला फार भीती वाटते, हंसा. हे कुठल्या क्रमांकाखाली लिहायचं ते कळलं नाही, म्हणून शेवटी लिहिलं.

उत्तर लोणवाडीच्या पत्त्यावर नको. माझ्या नावाने दारव्ह्याच्या पोस्टात पाठव, वर 'येऊन घेईल' असं लिही. मंगळवारी, ५ ऑक्टोबरला, दुपारी दोन चाळीसपर्यंत मी तिथे बाकावर बसलेली असेन. हो किंवा नाही, काहीही असलं तरी त्या दिवसापर्यंत उत्तर पोचव.

खैरुन